दाएँ म्हणजे उजवीकडे

रेणू कापगतेला पाण्याची भीती नव्हती, उन्हाची नव्हती, माणसांची तर मुळीच नव्हती. ती भ्यायची फक्त एका शब्दाला, आणि तो शब्दही असा की पहिलीतलं पोर त्याला भीक घालणार नाही. दाएँ. हिंदीतलं दाएँ म्हणजे आपलं उजवीकडे. पण ज्या घरात जन्मल्यापासून डावा हात, डावा पाय, डाव्या कुशीवर झोप असंच ऐकलं, त्या घरातून आलेल्या कानाला हे दाएँ डाव्याचं सख्खं भावंड वाटतं. शांत बसून विचार केला तर रेणूला सगळं नीट ठाऊक होतं. घाई झाली, कोणी अंगावर ओरडलं, पाणी जरा हललं, की तिच्या तोंडात उजवं-डावं आपापल्या जागा बदलून मोकळं होई.

भिलाईतल्या इतर मराठी घरांतही हे होतच असणार. पण त्यांचं त्यामुळे काही अडत नाही. रिक्षावाल्याला चुकीची बाजू सांगितली तर तो एक फेरा मारून येतो, वर दोन शब्द ऐकवतो, आणि विषय संपतो. रेणूचा जीव मात्र अडकला होता शिवनाथ नदीवर नवशिक्यांना कयाक आणि पॅडलबोर्ड शिकवण्यात. आणि तिथे काठावरचं दाएँ-बाएँ सोडलं तर नवशिक्याच्या हाती दुसरं असतं तरी काय?

हे दुखणं जुनं होतं. तिचे वडील रामाजी लंजे साकोलीकडचे. धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची शेतं, भावांवर सोडून रेल्वेत लागले, भिलाई-3च्या यार्डात आले आणि तिथलेच झाले. घरी मराठी, दाराबाहेर हिंदी, असा त्या क्वार्टरांतला रिवाज. शाळेत कवायतीच्या तासाला गुरुजी ओरडले, “दाएँ मुड़!” सगळी रांग एकीकडे वळली आणि रेणू एकटी दुसरीकडे. शेजारच्या पोरीच्या नाकावर तिचं नाक आपटलं. पोरी खिदळल्या, गुरुजींनी एक ठेवून दिली. ती रडत घरी आली तेव्हा रामाजी ड्यूटीवरून येऊन हातपाय धूत होते.

“कावून रडून राहिली वं?”

तिनं हुंदके देत सगळं सांगितलं. रामाजी हसले. “अवं, त्या हिंदीवाल्याइचं सारंच उलटं राह्यते. उजव्याले ते दाएँ म्हनतेत. तुयी काई चुकी नाई.”

बापानं लेकीला जवळ घेतलं, डोळे पुसले, सगळं झालं. पण या दिलाशानं जे नुकसान केलं ते गुरुजींच्या थपडीनं केलं नसतं. थपडीनं निदान शब्द पाठ झाला असता. आपली चूकच नाही म्हटल्यावर रेणूनं तो पाठ करायचं सोडून दिलं, आणि पुढं आयुष्यभर त्याची भरपाई करत बसली.

पाणी मात्र तिला आजोळानं दिलं. आजोळही साकोलीकडचंच; उन्हाळ्यात ती तिकडं जाई तेव्हा गावच्या बोडीत मामाचा डोंगा असे. बोडी म्हणजे तिकडचं लहान तळं आणि डोंगा म्हणजे एका लाकडाची कोरलेली होडी. त्यात उभं राहून, गुडघे किंचित वाकवून, नजर समोर ठेवून बांबूनं ढकलत जायचं. पोरगी त्यात अशी उभी राही की मामी घाटावरून शिव्या देई आणि मामा कौतुकानं बघे.

लग्न झालं, नवरा राजकुमार कापगते स्टील प्लांटमध्ये, घर बोरसीत, मुलगी शाळेत. दिवस चालले होते तसे चालले होते. मग नदीवर नौकाविहार केंद्र निघालं. एनीकट, म्हणजे बुटका बंधारा, बांधलेला असल्यामुळे वरच्या अंगाला पाणी संथ भरलेलं, आणि तिथे रंगीत कयाक, लांबलचक पॅडलबोर्ड, नारिंगी लाइफ जॅकेटं. वस्तीतल्या बायकांबरोबर रेणू सहज बघायला गेली. बोर्डावर सगळ्या गुडघ्यांवर बसल्या, ही सरळ उभी राहिली आणि पाण्यात उभ्या असलेल्या कौह्याच्या, म्हणजे अर्जुनाच्या, झाडापर्यंत जाऊन परत आली. केंद्राचा सगळा कारभार बघणारे गुड्डूभैया तोंडात पान तसंच धरून बघत राहिले. त्यांनी तिथल्या तिथे तिला कामावर या म्हटलं.

आता यात कोणाला गोष्ट संपली असं वाटेल. तिथूनच तर डोकेदुखी सुरू झाली.

शिकवण्यात रेणूचा हात धरणारं तिथे कोणी नव्हतं. बोर्डावर चढताना आधी गुडघे, मग एक पाऊल, मग दुसरं, दोन पायांत खांद्यांइतकं अंतर. पायांकडे बघायचं नाही, पायांकडे बघणारा पाण्यातच जातो. कयाकमध्ये पाठ ताठ, चप्पू, म्हणजे वल्हं, घट्ट आवळायचा नाही, दात आवळायचे नाहीत. घाबरलेल्या माणसाला ती आधी पाण्यात पाडायची, जॅकेटनं तो वर आला की म्हणायची, “बघा, झालं तुमचं मरून, आता शिका.” लोक हसायचे आणि शिकायचे. पण हे सगळं काठालगत, गुडघाभर पाण्यात. त्यापुढे नवशिक्यांना घेऊन नदीत जायला प्रशिक्षकाचा परवाना लागे, आणि रेणू होती मदतनीस. जॅकेटचे पट्टे बांधा, बोर्ड पुसा, लोकांच्या चपला सांभाळा, आणि दुसरा त्यांना घेऊन गेला की घाटावर उभं राहून बघा. पोहता येणाऱ्या बाईला काठावर बांधून ठेवण्यासारखा दुसरा छळ नाही, आणि रेणू तो रोज भोगत होती.

परवान्याची परीक्षा तिनं मागच्या वर्षी दिली होती. नियम साधा होता. कधीच नावेत न बसलेला एक माणूस कयाकमध्ये बसवायचा, उमेदवारानं बोर्डावर उभं राहून मागून यायचं, नावेला हात लावायचा नाही, फक्त आवाजावर त्याला कौह्याच्या झाडाला वळसा घालून घाटावर परत आणायचं. आदेश हिंदीत, छापील पुस्तिकेप्रमाणे, आणि आदेश म्हणजे नाव कुठे वळवायची ते, चप्पू कुठे मारायचा ते नव्हे. तिच्या वाट्याला एक बँकेचे मॅनेजर आले होते. झाडापाशी वळताना रेणू घाईनं ओरडली, “दाएँ!” मॅनेजर आज्ञाधारक. ते उजवीकडे गेले, थेट जलकुंभीच्या, म्हणजे जलपर्णीच्या, रानात. बाहेर काढले तेव्हा त्यांच्या डोक्यावर जांभळं फूल होतं. घाटावर लोक पोट धरून हसले आणि परीक्षा घ्यायला रायपूरहून आलेल्या साहेबांनी नापास लिहिलं.

त्यानंतर तिनं काय काय नाही केलं! उजव्या मनगटाला लाल धागा बांधला, तर घाईत धाग्याकडे बघायचंच सुचेना. दाएँच्या जागी “खाने वाले हाथ की तरफ” म्हणून बघितलं. काही दिवस छान चाललं, मग एक डावखुरा आला. लेफ्ट-राईट म्हटलं असतं तर तिची गाडी बरी चालली असती, पण गुड्डूभैयांनी हात जोडले. “रेणू बहन, परीक्षा में किताब वाला ही बोलना पड़ेगा। मैं क्या करूँ?”

घरी राजकुमार तिची उजळणी घेई. तो स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून कुठल्या तरी बाजूला हात करी आणि ती पोळ्या लाटता लाटता दाएँ-बाएँ सांगे. एकदाही चूक नाही. “असं थोडी असते वं पान्यात,” असं म्हणून एके दिवशी त्यानं ग्लासभर पाणी तिच्या तोंडावर मारलं आणि हात केला. रेणू किंचाळली, “दाएँ!” हात डावीकडे होता. राजकुमार हसून हसून खाली बसला. रेणू हसली नाही. तिनं लाटणं आपटलं.

“तुले हासू येऊन राहिलं? या खेपेले नाई झालं तर ते जागा साक्षीले देनार हायेत. मंग मी जन्मभर चपला सांभाळू?”

राजकुमारचं हसू थांबलं. साक्षी म्हणजे केंद्रातली दुसरी मुलगी, नुकतीच कॉलेज संपवून आलेली, दुर्गची, घरात-दारात हिंदी. तिला बोर्डावर उभं राहायला रेणूनंच शिकवलं होतं. मुलगी गुणी होती, हाच त्यातला वैताग. वाईट असती तर निदान तिच्यावर चिडता आलं असतं. तिनं मागच्याच परीक्षेत परवाना काढला होता, आणि नवशिक्यांची मुख्य प्रशिक्षक म्हणून एकच जागा भरायची होती. रेणू पास झाली तर अनुभवामुळे जागा तिची, नाही तर साक्षीची. गुड्डूभैयांनी हे दोघींनाही तोंडावर सांगितलं होतं.

परीक्षेचा दिवस उजाडला तो थंडीचा, स्वच्छ. रायपूरहून साहेब आले, घाटावर खुर्ची टाकून बसले. तिकिटाच्या रांगेतून त्यांनी बोट केलं ते एका साठीच्या बाईंवर. सलवार-कमीज, पायांत बूट, सेक्टरातल्या सकाळी फिरायला जाणाऱ्या मंडळाबरोबर आलेल्या. नाव रंभाबाई. नवरा प्लांटमधून रिटायर झालेला. जन्मात कधी नावेत पाय ठेवला नव्हता.

“डर तो नहीं लग रहा, आंटी?” रेणूनं जॅकेटचे पट्टे ओढत विचारलं.

“लग रहा है ना बेटा! पर मेरी सहेलियाँ देख रही हैं, अब उतर कैसे जाऊँ?”

रेणूला बाई आवडल्या. तिनं त्यांना कयाकमध्ये बसवलं, चप्पू कसा धरायचा दाखवलं, काठालगत दोन फेऱ्या मारून घेतल्या. मग स्वतः बोर्डावर उभी राहून मागे निघाली. जाताना सगळं लोण्यासारखं झालं. प्रत्येक आदेशाआधी ती मनात थांबे, जेवायचा हात आठवे, मग बोले. दाएँ म्हणजे जेवायचा हात. बाएँ म्हणजे दुसरा. कौह्याच्या झाडाला वळसा पडला तेव्हा जलकुंभीकडं तिनं बघितलंसुद्धा नाही. परतीची वाट लागली, घाट डाव्या हाताला दिसायला लागला, आणि पहिल्यांदाच तिला वाटलं की झालं, निघाला या शब्दाचा काटा पायातून.

तेवढ्यात पाठीमागून वारा आला. वारा कसला, एक झुळूक. पण नवशिक्याला तेवढी पुरते. रंभाबाईंनी नाकावरून घसरलेला चष्मा सावरायला चप्पू मांडीवर ठेवला, आणि कयाकचं तोंड फिरलं. उजवीकडं एनीकटच्या कडेवरून पाणी खाली पडत होतं. नवशिक्यांनी तिकडं जाऊच नये म्हणून दोरीला लाल डबे बांधून ठेवलेले. कयाक त्या डब्यांकडं सरकायला लागली, आधी हळू, मग चांगलीच.

रेणूला जायचं होतं डावीकडं. घाटाकडं. बाएँ. एवढं सोपं.

“दाएँ!” ती जिवाच्या आकांतानं ओरडली. “आंटी, दाएँ! दाएँ!”

स्वतःचा आवाज स्वतःच्याच कानात पडला आणि चूक तिला कळली. दुरुस्त करायला वेळच नव्हता. आता बाई डब्यांवरून पलीकडे जाणार, या एकाच विचारानं तिनं बोर्डावर गुडघे टेकले आणि चप्पू पाण्यात घातला.

“अवं मायवं!” रंभाबाई किंचाळल्या. आणि त्यांनी उजव्या अंगाला असे चप्पू मारले की कयाकचं तोंड सपकन डावीकडे वळलं, घाटाकडे. धापा टाकत, देवाचं नाव घेत बाई स्वतःच पायरीला येऊन लागल्या. मैत्रिणींनी टाळ्या पिटल्या.

रेणू मागोमाग आली, बोर्ड पायरीला लावला आणि बाईंचा हात धरून त्यांना बाहेर काढलं. तिला दुसरं काही सुचत नव्हतं.

“तुमी मराठी हाय?”

“हाव तं! आमी गोंदियाकडचे,” रंभाबाई दम घेत म्हणाल्या. “तुमी बी का? बाप्पा! अन् सकाळपासून दोघी हिंदीच झाडून राहिलो!”

“मावशी, तुमी इकडं कशा वळल्या?”

“कशा म्हंजे? तुमीच तं वरडल्या, डायें डायें. म्हून डाव्या आंगाले वळली.” बाईंचा चेहरा पडला. “चुकलं का माह्यं?”

“नाई,” रेणू म्हणाली. “तुमचं नाई चुकलं.”

हिनं डाव्याच्या जागी दाएँ म्हटलं, बाईंनी दाएँच्या जागी डावं ऐकलं. दोन चुका एकमेकींना भेटल्या आणि नाव सुखरूप काठाला आली. दोघी एकाच मातीच्या म्हणून वाचल्या. रेणूला हसावं की रडावं कळेना; तिनं दोन्ही केलं नाही, वाकून कयाकमधलं पाणी काढायला लागली.

वाऱ्यात आणि एनीकटवरून पडणाऱ्या पाण्याच्या आवाजात घाटावर शब्द कोणाला ऐकू गेले नव्हते. साहेबांनी बघितलं ते एवढंच की नाव भरकटली, उमेदवार ओरडली आणि नाव वळली. ते खुर्चीतून उठून पुढे आले.

“शाबाश! ऐन मौके पर सही आदेश। यही तो देखना था।” त्यांनी कागदावर पास लिहिलं, सही केली आणि तो गुड्डूभैयांच्या हाती दिला. गुड्डूभैयांनी समोसे आणायला माणूस पिटाळला. साक्षीनं येऊन रेणूला मिठी मारली, आणि तीही खरीखुरी. “दीदी, आपका ही हक था।” तिचा आवाज जरा ओला होता, पण ती हसत होती.

रेणूनं तोंडातून अक्षर काढलं नाही. कावून काढावं? कोणी ऐकलं नव्हतं. ज्या बाईनं ऐकलं तिला काही कळलं नव्हतं, ती तिकडे मैत्रिणींना आपला पराक्रम सांगण्यात दंग होती. नावही काठाला, बाईही काठाला, जागाही पदरात. एवढी वर्षं या शब्दानं आपल्याला नाचवलं, एकदा तो आपल्या उपयोगी पडला तर काय बिघडलं? राजकुमारचा फोन वाजत होता. तिनं उचलला नाही. त्याला काय सांगायचं हेच ठरत नव्हतं, आणि ते ठरत नाही याचाच तिला राग येत होता.

केंद्राच्या दारात एक बस येऊन थांबली होती. अहिवाऱ्याकडच्या कुठल्याशा शाळेच्या शिक्षिका सहलीला आल्या होत्या, सगळ्या पहिल्यांदाच. गुड्डूभैया तिकडून ओरडले, “रेणू बहन, पहला बैच आपका! शुभ काम में देरी कैसी?”

ती पट्टे बांधायला गेली. आयुष्यात पहिल्यांदा ती स्वतःच्या तुकडीचे पट्टे बांधत होती. एका सडपातळ बाईंनी जॅकेट घट्ट धरून तिला हळूच विचारलं, “मैडम, हममें से किसी को तैरना नहीं आता। आप बस बोलते जाइए। आप जो बोलेंगी, हम वही करेंगे।”

आणि त्या करणारच होत्या. आयुष्यभर पोरांना आज्ञा पाळायला शिकवणाऱ्या बाया. दाएँ म्हटलं की उजवीकडे, डोळे मिटून. त्यांच्यात गोंदियाकडची एकही नव्हती.

रेणूनं गाठ अर्धी सोडून दिली. तिला स्वतःचा भयंकर राग आला. तिनं एक शिवी हासडली, मराठीत, म्हणून शिक्षिकांना कळली नाही, आणि ती तशीच अनवाणी पार्किंगकडे धावली. साहेब गाडीत बसतच होते.

“साहब, मुझे फेल कीजिए।”

साहेबांना वाटलं बाई गंमत करते. “क्या?”

“मैंने गलत बोला। बाएँ बोलना था, मैंने दाएँ बोला।”

“पर नाव तो बाएँ ही गई।”

“हाँ साहब।”

“तो फिर आपने बाएँ ही बोला होगा।”

“नहीं साहब, दाएँ बोला।”

“देखिए,” साहेबांनी घड्याळाकडे बघितलं, “आप दाएँ बोलतीं तो वो दाएँ जातीं। वो बाएँ गईं। घबराहट में आपको उलटा याद रह गया होगा। जाइए, मिठाई खाइए।”

डोकं आपटावं असं रेणूला झालं. जन्मभर लोकांनी तिला चुकीचं ठरवलं होतं, आणि आज ती स्वतः चुकलं म्हणत होती तर कोणी चुकीचं ठरवायलाही तयार नव्हतं! साहेबांनी दार ओढलं. तिनं दारात हात घातला. गुड्डूभैया धावत आले, “बहन, क्या कर रही हो, चलो, चलो,” म्हणत तिला मागं ओढायला लागले. ड्रायव्हर खाली उतरला. समोसे घेऊन आलेला माणूस कागदाचा पुडा हातात घेऊन तिथेच थिजला.

“साहब, वो मराठी हैं!” रेणू ओरडली. “मैं भी मराठी हूँ। हमारे में डावा मतलब बायाँ। मैंने उलटा बोला, उन्होंने उलटा सुना। मेरी वजह से नहीं बचीं, अपने कान की वजह से बचीं। वहाँ जो टीचर लोग खड़ी हैं, वो सब सीधा सुनेंगी। सीधा एनीकट में जाएँगी!”

साहेबांना डावा कळला की नाही कोण जाणे, पण एनीकट कळला. त्यांनी गुड्डूभैयांकडे हात पुढे केला. गुड्डूभैयांनी कागद द्यायला शक्य तितका उशीर लावला, आणि शेवटी दिला. साहेबांनी पासवर आडवी रेघ मारली, खाली दुसरं लिहिलं, पुन्हा सही केली. गाडी निघताना काच खाली करून ते एवढंच म्हणाले, “ऐसा कोई करता नहीं है।” ते कौतुक होतं की नाराजी, हे रेणूला आजतागायत समजलेलं नाही. एवढं भांडून नापास झालेली बाई शिवनाथच्या काठावर दुसरी नसेल.

गुड्डूभैया पाठ फिरवून निघून गेले. साक्षीला काही सांगावं लागलं नाही. ती घाटावर उभी होती, तिनं सगळं ऐकलं होतं. ती रेणूजवळ आली, काही म्हणायला तोंड उघडलं, तर रेणूनं शिट्टी तिच्या हातात कोंबली. “जा. उस पतली वाली मैडम की गाँठ आधी है, बाँध देना।”

रेणूला चांगलं वाटायला हवं असं आपल्याला कोणीही सांगेल. खरं केलं, जीव वाचवले, झोप शांत लागेल, वगैरे. तसलं तिला काही वाटत नव्हतं. आपण जगातल्या सगळ्यांत मूर्ख बाई आहोत असं वाटत होतं. जन्मभर पाण्यावर उभं राहता आलं, कोणाच्याही मनातली भीती काढता आली, आणि शेवटी अडलं कुठे, तर इवल्याशा दाएँपाशी. राग साहेबांचा नव्हता, साक्षीचा नव्हता, आता तर रामाजींचाही नव्हता. कोणाचा तरी असता तर सोपं गेलं असतं. तिनं शिक्षिकांच्या चपला उचलल्या, जोडीजोडीनं भिंतीला लावल्या आणि घाटाच्या वरच्या पायरीवर जाऊन उभी राहिली.

साक्षी सगळ्यांना घेऊन कौह्याच्या झाडापर्यंत गेली, वळसा घातला, परत निघाली. नावा वेड्यावाकड्या येत होत्या, शिक्षिका पोरींसारख्या खिदळत होत्या. घाट जवळ आला, एक कयाक लाल डब्यांकडं झुकली, ती सडपातळ बाईच होती. साक्षीनं शिट्टी मारली आणि खणखणीत आवाजात ओरडली, “बाएँ! सब बाएँ!”

सगळ्या नावा एकदम डावीकडे वळल्या.

आणि घाटावर, हातात कोणाची तरी चप्पल धरून उभ्या असलेल्या रेणूच्या तोंडून त्याच क्षणाला, कोणी न विचारता, निघून गेलं होतं, “दाएँ.” अगदी हळू. ऐकणारं तिथे कोणी नव्हतं.